ग्रीशा आणि संचालकांची मूठ

आमच्या गावच्या प्राणिसंग्रहालयात माकड एकच, ग्रीशा. थंडी सुरू झाल्यापासून तो फळीवर बसून स्वतःच्याच डाव्या हाताचे केस उपटत होता. कोपरापासून मनगटापर्यंत हात पार भादरल्यासारखा झाला होता. आता आमच्या या उघड्या माळावरच्या गावात हिवाळाभर दार लावून बसलेली माणसंसुद्धा काही ना काही उपटतच असतात, त्यांची कुणी चौकशी करत नाही. पण ग्रीशाची झाली. राजधानीतून फोन आला की समिती येते आहे, आणि माकड कंटाळलेलं दिसलं तर त्याला तिकडच्या मोठ्या संग्रहालयात हलवण्यात येईल.

ग्रीशाला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं ते त्याची देखभाल करणाऱ्या रौशान-आपायनं (वडीलधाऱ्या बाईला आम्ही आपाय म्हणतो, पुरुषाला आगा). बातमी ऐकून ती जी रडायला बसली ती चहासाठीसुद्धा उठेना. शेवटी येर्केबुलान तिची समजूत काढायला गेला. हा आमचा नवा प्राणितज्ज्ञ, विद्यापीठातून ताजा ताजा आलेला.

"आपाय, त्याला आजार नाही, त्याला काम नाही," तो म्हणाला. "रानातलं माकड दिवसभर खाणं शोधत फिरतं. इथं आपण आयतं ताट पुढ्यात ठेवतो. मग उरलेल्या दिवसाचं त्यानं करायचं काय? खाणं लपवायचं. त्यानं डोकं चालवून काढायचं."

"म्हणजे दारात आलेल्याला मी आधी कोडं घालू आणि मग जेवायला वाढू?" रौशान-आपायनं डोळे पुसले. "माझ्या सासूनं हे ऐकलं असतं तर मला माहेरी पाठवलं असतं."

"तो पाहुणा नाहीये, आपाय."

"मग कोण आहे? आपल्या पायानं चालत आला होता का इथं?"

यावर विद्यापीठात काही शिकवलेलं नव्हतं. येर्केबुलान कामाला लागला. त्यानं एक जाड प्लास्टिकचा पाइप आणला आणि पिंजऱ्याच्या जाळीला बाहेरून तारेनं उभा बांधला. आत मधोमध एक छोटी फळी चिकटवली, खाणं ठेवायला. आपल्या बाजूनं खाणं सरकवायला एक भोक ठेवलं, ग्रीशाच्या बाजूनं वर सरकवायची लाकडी झडप. पाइप लांब झाला होता, पण करवत मिळाली नाही, म्हणून त्याचं खालचं तोंड थेट पिंजरा धुतलेलं पाणी वाहून नेणाऱ्या गटारात टेकलं. "असू दे," येर्केबुलान म्हणाला, "खाणं खाली पडणारच नाही."

समिती यायच्या दिवशी सकाळी ग्रीशानं पाइपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाइपातल्या फळीवर गाजर ठेवलं, त्यानं पाठ फिरवली. चौकशी केल्यावर कळलं की रौशान-आपायनं पहाटेच त्याला पोटभर खाऊ घातलं होतं. "आज परके लोक येणार, उपाशीपोटी त्यांच्यासमोर कसं बसवायचं त्याला?"

येर्केबुलाननं कपाळाला हात लावला. तेवढ्यात संचालक ओरिनबासार-आगा स्वतः आले. ही वर्षातली त्यांची माकडघरातली पहिलीच फेरी. अंगानं आडदांड आणि हाताचे पंजे असे की दोन पेले एकात मावावेत.

"माकड बघून शिकतं ना?" ते म्हणाले. "मग दाखवा की त्याला. व्हा बाजूला." समितीच्या चहासाठी तळलेल्या, पिठाच्या बाउरसाकांमधला एक फुगलेला, सोनेरी गोळा त्यांनी येतानाच उचलला होता. तो घेऊन त्यांनी हात भोकात घातला, मनगटापर्यंत, जरा जोर लावून, आणि बाउरसाक फळीवर ठेवला. फळी कडकन निखळून गटारात गेली. बाउरसाक पडता पडता आगांनी झेलला आणि मूठ मिटली.

मिटलेली मूठ काही भोकातून बाहेर येईना.

"सोडा ना," असं म्हणायला येर्केबुलाननं तोंड उघडलं होतं, पण तोही शेवटी आमच्याच एका आईचा मुलगा. भाकरी-बाउरसाकाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचा, हे त्याला चालता येण्याआधी शिकवलेलं. आणि इथं तर खाली गटार होतं. त्यानं तोंड मिटलं.

"आगा, सोडू नका हं. पाप लागेल," रौशान-आपाय म्हणाली.

"सोडतंय कोण?" आगा म्हणाले.

येर्केबुलान साबण आणायला धावला. आपायनं त्याला वाटेतच अडवलं, खायच्या वस्तूला साबण लावतात का म्हणून. मग तेल आणलं आणि मनगटावरून ओतलं. ते आत ओघळून बाउरसाकला लागलं, बाउरसाक निसटायला लागला, आणि आगांना मूठ आणखी घट्ट आवळावी लागली. करवत नव्हतीच. पाइप सोडवावा तर आगांच्या पोटामागे तारांच्या गाठी, तिथं कुणाचा हात पोचेना.

अशा वेळी समिती आत आली.

समितीच्या प्रमुख कुल्याश-आपाय वयानं मोठ्या, करड्या नजरेच्या. आगांनी डावा हात छातीवर ठेवला आणि जमेल तेवढे वाकले. "माफ करा, उजवा हात कामात आहे."

"कसल्या कामात?"

सगळी हकिगत ऐकून त्यांनी चष्मा काढला, पाइपमध्ये डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बरं झालं, सोडला नाहीत." मग त्याही वाकल्या. त्यांच्यामागची दोन माणसं वाकली. कुणी म्हणालं दंड फिरवा, कुणी म्हणालं श्वास सोडा. ग्रीशाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. रौशान-आपायचं तेवढं होतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

ग्रीशानं केस उपटणं थांबवलं. तो फळीवरून उतरला, जाळीपाशी आला, झडपेला खाली-वर करून पाहिलं आणि ती वर सरकवली.

"कुणीतरी माझी करंगळी उघडतंय," आगा हळूच म्हणाले.

"उघडू द्या," रौशान-आपाय कुजबुजली. "हलू नका, आगा, तुमच्या पाया पडते."

करंगळी झाली, तिच्या शेजारचं बोट झालं. मधल्या बोटापाशी ग्रीशा अडला, करंगळी पुन्हा मिटली, त्यानं ती पुन्हा उघडली आणि या खेपेला पायानं धरून ठेवली. अखेर बाउरसाक झडपेतून बाहेर आला. ग्रीशानं तो हुंगला, खाल्ला आणि परत हात घालून रिकामा तळवा चाचपत बसला.

"हात धरून ठेवलाय त्यानं माझा," आगा म्हणाले. मूठ उघडली होती, हात आता सहज बाहेर आला असता. त्यांनी काढला नाही.

कुल्याश-आपायनी चष्मा चढवला. "माकड इथंच राहील," त्या म्हणाल्या. "पण हे रोज व्हायला हवं. अगदी असंच."

"अहो, हा अपघात होता," आगा म्हणाले.

"असेल. केस सोडून तो दुसरं काहीतरी उपटायला लागला, मला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी आगांनी येर्केबुलानला पुढे केलं. त्याची मूठ ग्रीशानं एका झटक्यात उघडली, खाणं घेतलं आणि कंटाळून फळीवर जाऊन बसला. रौशान-आपायनं तर मूठ मिटलीच नाही, तळहातावर वाढून दिलं. तेव्हा आगांना पर्याय उरला नाही.

रविवारी आगांच्या घरी फोन वाजला.

"आगा, तो झडपेपाशी येऊन बसलाय," रौशान-आपायचा आवाज.

"आज सुट्टी आहे माझी."

"त्याला कसं सांगू?"

आगांनी फोन ठेवला, कोट चढवला आणि टेबलावरचा ताजा बाउरसाक खिशात टाकला.

"सुट्टीच्या दिवशी कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"मूठ उघडून घ्यायला," आगा म्हणाले आणि बूट शोधू लागले.