अर्थतज्ज्ञांचे टोमणे

गल्लीतल्या एका वयस्कर अर्थतज्ज्ञांनी उभी हयात सरकारला शहाणपण शिकवण्यात घालवली, आणि सरकारने ते न शिकण्यात. तिजोरीत खडखडाट असताना मतांसाठी फुकट वाटप करू नका, असं ते दर रविवारी वर्तमानपत्रात लिहायचे. कुणी ढुंकूनही बघत नसे. आपलं म्हणणं मरण्यापूर्वी एकदा तरी कुणी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. या रविवारी वैतागून त्यांनी लेखाच्या शेवटी टोमणा मारला, 'एवढीच हौस असेल तर भर उन्हाळ्यात स्वेटर वाटा!'

दोनच दिवसांत गल्लीत जो तो करड्या स्वेटरमध्ये दिसू लागला. माणसं घामाने निथळत होती, हसत होती आणि चकार शब्द बोलत नव्हती.

"अहो, ऐकलं की तुमचं सरकारने!" बायको म्हणाली.

"अगं, थट्टा होती ती!"

"मग थट्टाच लिहीत जा ना."

जेवताना खिडकीबाहेरचे ते हसरे चेहरे पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता पडदेही वाटा म्हणावं! लोकांना बाहेरचं काही दिसायलाच नको."

सकाळी गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला करडा पडदा होता. त्यांच्याही. दाराला आतून कडी तशीच होती. खिडकी बंद असूनही पडदा हळूहळू हलत होता, मागे कुणी श्वास घेत असल्यासारखा.

"कुणाजवळ बोललीस तू?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मी? तुमचं बोलणं मीच ऐकत नाही, दुसऱ्याला काय सांगणार!"

म्हणजे घरातलं बोलणंही कुणीतरी ऐकत होतं. पण ऐकणारा मिळाला की अर्थतज्ज्ञाला राहवतं थोडंच! पडद्यासमोर खुर्ची ओढून, घसा खाकरून त्यांनी करसुधारणेवर भाषण सुरू केलं. पडदा हलायचा थांबला. बहुधा झोपला असावा.

"कामाचं बोललं की झोपा काढता!" ते भडकले. "आता उरलंय काय? टीकाकारांनाही द्या की फुकट घर आणि फुकट जेवण!"

पडदा हलला. त्यांनी जीभ चावली, पण बाण सुटला होता.

संध्याकाळी दारात स्वेटर घातलेला एक अधिकारी उभा राहिला. अत्यंत नम्र.

"अभिनंदन, साहेब! पहिले लाभार्थी तुम्हीच. भाडं नाही, वीजबिल नाही. दाराची कडीसुद्धा सरकारी खर्चाने. बाहेरून."

अर्थतज्ज्ञांनी घाईघाईने हात जोडले. "अहो, मी चेष्टा करत होतो."

"आम्ही नाही करत, साहेब."

बायकोला रडू फुटलं. नवऱ्याचा दंड घट्ट धरून तिने विचारलं, "पण किती दिवसांसाठी नेताय यांना?"

"योजना कायमची आहे, ताई," अधिकारी हसून म्हणाला. "सरकार कुठलीच योजना शेवटपर्यंत नेत नाही, असं साहेबांनीच एकदा लिहिलं होतं. वरच्यांना ते अगदी मनापासून पटलं. ही मात्र साहेबांच्या शेवटापर्यंत नेणार."