मित्राची तब्येत

पुरुष जन्मतः निरोगी असतो आणि अखेरपर्यंत निरोगीच राहतो. आजारी पडतात ते त्याचे मित्र. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांपुरतं तरी मी हे खात्रीने सांगू शकते.

व्यवस्था अशी आहे. मित्राच्या 'त्या जागी' खाज सुटली, लाली आली, चिरा पडल्या, तर अंबरनाथचा पुरुष त्याचं मलम अंबरनाथात घेत नाही, कारण औषधाच्या दुकानात मावसभाऊ बसलेला असतो. तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जातो. उल्हासनगरचा बदलापूरला जातो आणि बदलापूरचा अंबरनाथला येतो. त्यामुळे तिन्ही गावांत मलमाचा खप शंभर टक्के आणि रोगी शून्य. (रिक्षावाल्यांनी या लाजेचा एकदा जाहीर सत्कार करायला हरकत नाही.)

आमचे हे, म्हणजे धर्मेश, अंबरनाथच्या मोरिवलीतल्या एका औषध कंपनीत आहेत. मोठमोठ्या टाक्या नीट धुतल्या गेल्या की नाही ते तपासून सही करायची, हे त्यांचं काम. झाकणाखालचं रबरी गॅस्केट उचलायचं, खालची खाच धुवायची, कोरडी करायची, गॅस्केट परत बसवायचं. खाचेत नखभर साका दिसला तरी हे अख्खी बॅच नापास करतात. असा काटेकोर जावई मिळाल्याचं माझ्या माहेरी फार कौतुक आहे.

२००६च्या उन्हाळ्यात यांच्या मित्राला त्रास सुरू झाला. मित्राला लघवीला जळजळ व्हायची तेव्हा न्हाणीतून यांनी ओढलेला श्वास ऐकू यायचा. मित्राची पुढची कातडी सुजून मागे सरकेनाशी झाली, तेव्हा हे पाय फाकवून चालू लागले. मैत्री असावी तर अशी.

कॅम्प दोनचा सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, दोस्त को बोलो ये ट्यूब लगाए. हफ्ते में साफ." मित्राने लावली. आठवड्यात थांबलं आणि पंधरवड्यात दुप्पट होऊन परत आलं. मग कंपनीतल्या बबनने निदान केलं की मित्राची स्वच्छता कमी पडते. चौतीस वर्षांत त्या कातडीच्या आत पाणी गेलेलं नव्हतं, तिथे मित्राने एका सकाळी पाणी न मिसळता जंतुनाशक ओतलं.

"काय झाला रं धर्मा? इचू डसला का?" सासूबाईंनी ओट्याजवळून विचारलं.

"काय नाय आये," आतून आवाज आला. तो यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

इथे माझ्याविषयी थोडं. मी बी.एस्सी. आहे. शाळेत 'स्वच्छता' या निबंधाला मला बक्षीस मिळालं होतं. आकाश झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं की बाळाची कातडी मागे ओढायची नाही, वरवर पाणी पुरे, ती वेळ आली की आपोआप सुटते. मी ते इतकं मनावर घेतलं की तेलाचा हात घेऊन सासूबाई जवळ आल्या की मी मध्ये उभी. पण बाळाच्या बापाला कुणी काही बजावलं होतं का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आंघोळ घालताना मी आकाशला शिकवते: नाक कुठे, कान कुठे, पोट कुठे, गुडघा कुठे. आमच्या घरात पोट संपलं की लगेच गुडघा लागतो.

मग एका दुपारी वालाच्या शेंगा सोलताना सासूबाई सहज बोलून गेल्या. सासऱ्यांच्या, शंकररावांच्याही एका मित्राला म्हणे असाच त्रास होता, वरचेवर. पुढे शंकररावांच्या पायाचा अंगठा गेला, मग पाय, मग ते स्वतःच गेले. साखर होती, हे पाय कापताना कळलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

संध्याकाळी आकाशला कडेवर घेऊन मी यांना म्हटलं, "तुमच्या मित्राला उद्या डॉक्टरकडे न्यायचं. मी पण येते."

"तू कशाला?"

"मित्राला बायको असेलच ना."

बदलापूरला कुणी ओळखत नाही म्हणून आम्ही बदलापूर निवडलं. तिथे बाकावर आमच्याच आळीतले दौलतराव बसले होते. "एका मित्रासाठी आलोय," ते म्हणाले. "आम्हीपण," हे म्हणाले. त्यानंतर दोघांनी मिळून पंखा बघितला.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मित्राची चौकशी केली, मित्र काय काम करतो ते विचारलं. गॅस्केटचा विषय निघताच हे खुलले आणि टाकी धुण्याची सगळी रीत सांगितली.

"मग सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "मित्राला सांगा, गॅस्केट त्यालाही आहे." (इथे डॉक्टरांनी खरा शब्द उच्चारला. मी आकाशचं टोपडं सरळ केलं; ते सरळच होतं.) "सूज उतरेपर्यंत वरूनच धुवायचं. नंतर रोज आंघोळीत कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यायची, ओढाताण नाही. साधं कोमट पाणी. हळूच टिपायचं आणि आठवणीने परत पुढे आणायची. मागेच अडकून सुजली तर तडक दवाखाना. केमिकल टाकीला, माणसाला नाही. मित्राच्या बायकोला खाज असेल तर तिनेही तपासून घ्यायचं."

मित्राच्या बायकोने खाली बघत मान हलवली.

"पण सारखं होतंय, तर आधी साखर बघू. मित्राचा हात द्या."

यांनी आकाशकडे बघितलं आणि बाहीचं बटण सोडलं. "माझा घ्या. आमचं रक्त सारखंच आहे."

मित्राची साखर तीनशेच्या वर निघाली. "वेळेवर आला तुमचा मित्र," डॉक्टर म्हणाले. "पाय शाबूत आहेत."

आता आमच्याकडे चहा बिनसाखरेचा होतो, मित्राच्या सन्मानार्थ. गोळी चुकत नाही. पावसाळा सरता सरता एका सकाळी न्हाणीतून गुणगुणणं ऐकू आलं. हे कान पुसत बाहेर आले आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "बरा आहे गं तो."

"हो का," म्हणून मी भाकरी उलटली. ती केव्हाच करपली होती. धूर फार झाला, म्हणून डोळे पुसले.

परवा आंघोळीत आकाशने माझं बोट धरून पोट आणि गुडघा यांच्या मधोमध नेलं आणि विचारलं, "हे?"

बी.एस्सी. बाई म्हणाली, "गुडघा कुठे, दाखव बघू."

लिहून झाल्यावर मी हे पुन्हा वाचलं. कातडी आली, गॅस्केट आलं, खाच आली. ज्याच्याविषयी हे सगळं आहे त्याचं नाव एकदाही आलेलं नाही. तुमच्या ते लक्षात आलं नसेल. आलं असेल तर मनातून आभारच मानले असतील. असू दे. काय वाचताय असं कुणी विचारलंच, तर कुणासाठी वाचत होता ते तुम्हाला सांगता येईलच. फक्त सवडीने त्या मित्राच्या बाहीचं बटण सोडून बघा. सदरा तुमचाच निघेल.