एमेटच्या शिक्षणाचा मानहानीसह हिशेब

शिक्षणाने माणूस मोठा होतो की नाही याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. शिक्षणाने गाडीची मागची काच सजते याबद्दल मात्र ओहायोतल्या बेकर्स मिल गावात दुमत नाही. मूल ज्या विद्यापीठात जातं त्याचं स्टिकर आईबाप मागच्या काचेवर लावतात आणि पुढची वर्षं सावकाश गाडी चालवतात. शेजारच्या चेरिल ओडमच्या व्हॅनवर तीन स्टिकरं होती. (तिन्ही मुलं पदवीधर होऊन तिच्याच तळघरात राहत. हा तपशील रस्त्यावरून दिसत नाही.)

अशा गावात रोंडा हॉस्टेटलरच्या एकुलत्या एका मुलाने, एमेटने, जेवताना जाहीर केलं की तो कम्युनिटी कॉलेजात जाऊन एसी आणि हीटर दुरुस्तीची दोन वर्षांची पदवी घेणार.

"म्हणजे लोकांच्या तळघरात शिरणार तू?" रोंडाने विचारलं.

"पैसे घेऊन शिरणार, मॉम. ओडमांची पोरं फुकट बसलीत तिथे."

रोंडाने नवऱ्याकडे पाहिलं. "डग, तू काहीतरी बोल."

"बटाटे सरकव जरा इकडे," डग म्हणाला. (हे त्याचं या विषयावरचं पहिलं आणि अंतिम निवेदन.)

रोंडा विमा कंपनीत नुकसानीचं मूल्य ठरवायची. जळालेला सोफा, मोडलेली कंबर, बुडालेला पियानो, कशाचीही किंमत ती सांगू शके. त्यामुळे शनिवारी सकाळी तिने भावनेला थारा न देता दोन्ही पदव्या तोलायला घेतल्या. राज्य विद्यापीठ, चार वर्षं: एक लाख बारा हजार डॉलर, पैकी सत्तर हजार एमेटच्या नावावर कर्ज. कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं: अकरा हजार, जेवण घरचं. तिसऱ्या वर्षी विद्यापीठातला मुलगा पुन्हा कर्ज काढणार, आणि दुरुस्तीवाला वर्षाला पन्नास हजार पगार घेणार. निकाल इतका एकतर्फी आला की हिशेबात काहीतरी राहून गेलंय हे रोंडासारख्या जाणकार बाईने लगेच ओळखलं. मानहानी राहिली होती. तिचे दर तिने पुढीलप्रमाणे निश्चित केले:

चर्चच्या सहभोजनात "मग एमेट कुठे चाललाय?" या प्रश्नाचं उत्तर देणे, दर खेपेस: चाळीस डॉलर.
त्यावर समोरच्याने "हातात कसब असणं चांगलंच की" म्हणणे: शंभर.
हेच मान तिरकी करून म्हणणे: दीडशे.
नाताळात नातेवाइकांना धाडायच्या पत्रातल्या दोन ओळी रिकाम्या राहणे: सहाशे.
चेरिलने काहीच न म्हणणे, दर खेपेस: दोन हजार.

एवढं करूनही दुरुस्तीवालाच पुढे राहिला. रोंडाने चेरिलचं मौन चार हजारांवर नेलं. तरी तेच. मौन आठ हजारांवर गेलं तेव्हा कुठे विद्यापीठ निसटतं जिंकलं, आणि तिने समाधानाने कागद एमेटपुढे ठेवला.

एमेटने तो नीट वाचला. "हे चेरिलचे आठ हजार मला रोख मिळणार का?"

"मस्करी नकोय मला."

"मस्करी तू चालवलीयस, मॉम. कर्ज माझ्या डोक्यावर आणि स्टिकर तुझ्या गाडीवर!"

रोंडाला रडू आलं. मुलगा उद्धट बोलला याचं दुःख होतंच, पण तो बरोबर बोलला याचं त्याहून जास्त होतं. विद्यापीठाची अनामत भरायची मुदत होती एक मे. अनामत तिने भरली नाही, आणि आठवडाभर एमेटशी फक्त कुत्र्यामार्फत बोलली.

मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा एक हृद्य सोहळा असतो. शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या विद्यापीठाचं नाव छातीवर मिरवणारे स्वेटशर्ट घालून येतात आणि पालक हुंदके देत फोटो काढतात. कम्युनिटी कॉलेजच्या दुकानात स्वेटशर्ट नव्हते. तिथे हातमोजे, पार्किंगचा पास आणि डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा एवढंच मिळे. एमेट चष्मा लावून आला. शाळेने ऑनलाइन टाकलेल्या त्याच्या फोटोखाली चेरिलने फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं. (दर वर दिला आहे.)

दोन वर्षांनी एमेट पास झाला आणि त्याला नोकरी लागली ती थेट राज्य विद्यापीठात. वसतिगृहांचे सगळे हीटर त्याच्या ताब्यात. त्याच संध्याकाळी रोंडाने सहा डॉलरचं स्टिकर आणून मागच्या काचेवर चिकटवलं. कुंपणापलीकडून चेरिल धावत आली.

"अगं बाई! गेला का शेवटी विद्यापीठात?"

"गेला की," रोंडा म्हणाली.

"मला ठाऊकच होतं! काय विषय घेतलाय?"

"उष्णता."

"कठीण असतं म्हणे ते."

"फार," रोंडा म्हणाली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे विमा क्षेत्रातल्या दीर्घ अनुभवाचं फळ.

एमेट आता चोवीस वर्षांचा आहे. नोकरी अमेरिकेत, घर स्वतःचं, कर्ज नाही, दारू बेताची, सासू वेगळ्या गावात. त्याला भारतीय जेवण आवडतं आणि लग्नाचा विचारही आहे. वाचकांनी आतापर्यंत रोंडाला पोटभर हसून घेतलंच आहे, तेव्हा आपल्या घरच्या मुलीसाठी हे स्थळ सुचवायला कुणाची हरकत नसावी. प्रश्न एवढाच, की मंगल कार्यालयात चारचौघांत कुणी "जावई तिकडे करतात काय?" असं विचारलं तर काय सांगायचं. "विद्यापीठात असतात," असं तुमच्या मनात आलंच असेल.