व्हायोलिन, चेलो आणि दोनशे दहा सेंटिमीटर

समता ही मुळात सुताराने करायची गोष्ट आहे, हे समाजाला फार उशिरा कळतं. वाद्यवृंद संस्थेच्या चिटणिसांना ते एका आठवड्यात कळलं.

संस्थेने व्हायोलिन, चेलो आणि पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेला एक जुना दुहेरी कॉन्चेर्तो, म्हणजे दोन मुख्य वादकांची रचना, ठेवला होता. व्हायोलिनवर चिटणिसांची भाची, चेलोवर तिचा धाकटा भाऊ. (नेमणुका गुणवत्तेनुसार. निवड समितीत चिटणीस एकटेच होते.) विश्वस्तांनी बजावलं होतं, दोघांपैकी एकाचीही तक्रार आली तर चिटणिसांना मुदतवाढ नाही.

सोमवारी पहिल्याच तालमीत मूळ दोष उघडा पडला. व्हायोलिन उभ्याने वाजवतात, चेलो बसून.

“घरीही हेच,” भाची म्हणाली. “मी उभी, हा बसलेला.”

“मामा, हिच्या कोपराआड मी दिसतच नाही,” भाचा म्हणाला. “आई काय माझे बूट बघायला येणारे?”

चिटणिसांनी समता उपसमिती नेमली. सुरुवात चेलोनेच का करायची, याचा खुलासा संगीतकाराकडून मागवण्यात आला. (ते वारून शंभर वर्षं उलटल्याने उत्तर प्रलंबित आहे.) मग भाच्याच्या खुर्चीखाली बावीस सेंटिमीटरचा चौथरा बसवला आणि दोन्ही नाकं एका रेषेत आली.

मंगळवारी भाची उंच टाचा घालून आली. बुधवारी चौथरा वाढला. गुरुवारी तिनेही चौथरा मिळवला. शुक्रवारी दोघं दोनशे दहा सेंटिमीटरवर पोचले, तेव्हा वाद्यवृंदाच्या संचालकांना शिडी देणं भाग पडलं. एका हाताने शिडी धरायची असल्याने त्यांच्या डाव्या हाताचे इशारे रद्द करण्यात आले. वर बघून बघून सतरा वादकांची मान धरली. त्यांची रजा नामंजूर झाली, कारण मान संस्थेच्या वाद्यांच्या यादीत नव्हती.

शनिवारी सभागृह भरलं. व्हायोलिनचा चौथरा जरा जास्त कुरकुरत होता, म्हणून सुताराने चेलोच्या चौथऱ्याचा एक खिळा सैल केला. चारशे बारा श्रोते श्वास रोखून बसले होते, आधी कोण पडतं ते बघायला. कुणीच पडलं नाही. शेवटी पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, “झालं ना? उतरा आता, दोघंही.”

तक्रार भाचीने केली नाही, भाच्यानेही नाही. गॅलरीतल्या एका श्रोत्याने तेवढं लिहून दिलं, की संगीत नीट ऐकू आलं नाही. उपसमितीने विषयबाह्य म्हणून ते दप्तरी दाखल केलं आणि चिटणिसांना मुदतवाढ मिळाली.

उरलेल्या चारशे अकरा जणांनी अभिप्राय दिला तो फक्त उंचीवर. आपली गोष्ट वेगळी; आपण जाणकार वाचक. आपल्याला बावीस आणि दोनशे दहा, दोन्ही आकडे लक्षात आहेत. दोघांनी वाजवलं कसं, एवढंच आपणही अजून विचारलेलं नाही.