मुंगसाने गाडी सोडली

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि गाड्या फार झाल्या होत्या. बेडकाचीसुद्धा गाडी होती. तो टपावर बसून नुसत्या उड्या मारायचा. पाणवठा हाकेच्या अंतरावर, पण गाडीने पोचेपर्यंत तहान मरून जायची.

त्या जंगलात तुरतुऱ्या नावाचं मुंगूस राहायचं. त्याचा थोरला भाऊ नुकताच तापाने गेला होता. दादाची लाल गाडी बिळाच्या तोंडाशी उभी होती. तुरतुऱ्याला ती चालवता येत नव्हती. तो नुसता आत बसून राहायचा. दादाच्या बसण्याने सीटला खळगा पडला होता ना!

"भावोजी, जेवायला चला," वहिनी हाक मारायची.

"दादा आला की," तो म्हणायचा आणि जीभ चावायचा.

एक दिवस सिंहमहाराजांनी दवंडी पिटली. "उद्या वाहनत्याग! काशीला जाऊन आवडती गोष्ट सोडतात, तशी सगळ्यांनी गाडी सोडायची. यापुढे पायी हिंडायचं, नाहीतर हत्तीच्या पाठीवर." हत्तीला कोणी विचारलं नव्हतं.

सगळे आपापल्या गाडीने त्यागाला आले. तुरतुऱ्या आणि वहिनी तेवढी पायी आली. मैदानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आता काशीला काय सोडतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. ज्याला कारलं आवडत नाही, तो कारलं सोडतो. महाराजांनी तळहातावर पाणी घेऊन सायकल सोडली. हत्तीने स्कूटर सोडली. कोल्ह्याने बैलगाडी सोडली. टाळ्याच टाळ्या!

तुरतुऱ्या लहानपणी शाळेत गेला होता, पण नुसता डबा खाऊन परत आला होता. सर्वांत आवडतं ते सोडलं की गेलेल्याला चांगली गती मिळते, एवढंच त्याने ऐकलेलं. तो टुणकन मंचावर चढला.

"माझ्या दादासाठी, दादाची गाडी!" ओरडून त्याने किल्ली ठेवली.

सगळे माना उंचावून किल्लीकडे बघू लागले.

"अरे, खरीखुरी?" महाराज दचकले. "असं करतात होय? घरात सांगायला कोणी मोठं नाही का?"

वहिनी उभी राहिली. तिने डोळे पुसले. "भावोजींनी सोडली म्हणजे सोडली."

मग महाराजांनी त्यागाच्या प्रचारासाठी ती गाडी स्वतःकडे ठेवून घेतली. शिपायांनी ती लगेच बिळासमोरून ओढून नेली.

दोघं पायी घरी आली. बिळात पहिल्यांदाच ऊन शिरलं होतं, थेट चुलीपर्यंत. तुरतुऱ्या दारातल्या त्या मोकळ्या जागेत बसून हमसून हमसून रडला.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. कोल्हा!

"सरक रे. जागा रिकामी दिसली म्हणून आलो."

"काका, तुम्ही तर गाडी सोडलीत!"

"ती बैलगाडी. ही मोटार. ऊठ, गाडी सोडलीस तशी जागाही सोड."

तुरतुऱ्या चारी पाय पसरून तिथेच आडवा झाला. "गाडी सोडली. दादाची जागा नाही सोडली."

कोल्ह्याने हॉर्नवर पंजा दाबून धरला. वहिनी बाहेर आली. तिने पदर खोचला आणि भावोजींच्या शेजारी तीही आडवी झाली.

तात्पर्य: त्याग नेहमी नावडत्या वस्तूचाच करावा. आवडती वस्तू सोडली, तर ती राजाला मिळते, तिच्या जागेसाठी कोल्ह्याशी भांडावं लागतं आणि आपल्या वाट्याला नुसतं पुण्य येतं. पण पुण्य बरं असतं. ते उभं करायला जागा लागत नाही.