निळा ठिपका आणि सासऱ्यांची कबुतरं

माझ्या हातून चूक होत नाही. म्हणजे घरात होते, स्वयंपाकात तर रोजच होते, पण प्रयोगशाळेत नाही! असं मी त्या आठवड्यात भेटेल त्याला ऐकवत होते. कारणही तसंच होतं. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी आणि माणसाच्या फुप्फुसात घर करणारी एक बुरशी आहे. ती अंगात शिरली की रक्त तिचं एखादं प्रथिन बरोबर ओळखू लागतं. त्याला म्हणायचं अँटिजेन. तो शोधायचा, त्याचा जनुक एखाद्या गरीब स्वभावाच्या जिवाणूत बसवायचा आणि त्याच्याकडून ते प्रथिन ढिगाने बनवून घ्यायचं, की थेंबभर रक्तात रोग पकडता येतो. दोन वर्षं खपल्यावर मला तो जनुक सापडला. त्याच्या प्रथिनावर रुग्णाचं रक्त टाकलं की कागदावर निळा ठिपका! एकही रुग्ण सुटला नाही.

आमचे सर हवेतच होते. फक्त म्हणाले, एखाद्या निरोगी माणसाचंही तपासून घे, ठिपका येणार नाहीच, पण दाखवायला हवं.

निरोगी माणूस घरातच होता. माझे सासरे! सत्तरी उलटली तरी गच्चीवरची कबुतरांची खुराडी स्वतः घासणारे. बाही सरसावून लगेच तयार झाले.

ठिपका निळाशार आला.

मी घरी अवाक्षर काढणार नव्हते. पण माझा चेहरा फितूर, आणि सासूबाईंनी सगळं वदवून घेतलं. लग्न झाल्यापासून त्या कबुतरांविरुद्ध पुरावा शोधत होत्या, तो सुनेनं आयता आणून दिला.

"आता एक तर हे राहतील, नाहीतर ती," त्यांनी जाहीर केलं.

सासरे त्याच क्षणी खोकायला लागले. फुप्फुसाचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, मला काही दिसत नाही. सासूबाई म्हणाल्या, त्यांना काय कळतंय, आमची सून त्यातलीच आहे. शनिवारी कबुतरं न्यायला एक माणूसही ठरला.

सासऱ्यांनी मला हळूच गाठलं. "सूनबाई, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्यांना नेऊ देऊ नकोस."

मला अगदी भरून आलं. मी पुन्हा तपासायला घेतलं. तुलनेसाठी सासूबाईंचं रक्त घेतलं, कारण त्या गच्चीची पायरीसुद्धा चढत नाहीत. निळा! नवऱ्याचं घेतलं. निळा! शेवटी माझं स्वतःचं. निळा! हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही असं पुस्तकात लिहिलंय, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचं घर कुठे पाहिलं होतं? डोकं पार चक्रावलं.

शनिवारी सकाळी सरांना सांगायला गेले, तर ते दार लोटून बसलेले. समोर एक कागद आणि त्यावर निळा ठिपका.

"माझा आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "कुणाला बोलू नकोस."

मग आम्ही दोघंही खोकत बसलो. तेवढ्यात जनुकाचा क्रम वाचायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. जनुक बुरशीचा नव्हताच! ज्या जिवाणूला आम्ही कामाला जुंपलं होतं, त्याचाच होता. बुरशीच्या चंबूत तो कधी घुसला, देव जाणे. आणि हा प्राणी सगळ्यांच्याच आतड्यात सुखाने नांदतो, म्हणून सगळ्यांचंच रक्त त्याला ओळखतं. रुग्णांचं, सासऱ्यांचं आणि सरांचंही.

मी धावत घरी आले. पिंजरेवाला दारात उभाच होता. त्याला परत पाठवलं आणि सगळ्यांना काय झालं ते सांगितलं. सासरे खोकायचं विसरून गच्चीकडे पळाले. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"दोन वर्षं राबलीस ना गं? मग त्या तुझ्या चाचणीतून कळतं तरी काय?"

मी जमिनीकडे बघत म्हणाले, "आई, ज्याचं रक्त आहे त्याला पोट आहे, एवढं अगदी खात्रीनं कळतं."