पाळकपद रिक्त

जयमालाबाईंचं पत्र दोनच ओळींचं होतं. ‘आपल्या मंडळीच्या पाळकपदासाठी माझं नाव सुचवाल का? हो की नाही, एवढंच कळवावं.’ नाव सुचवण्याचा अधिकार मंडळीच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या, चिटणिसाचा, आणि चिटणीस होते निवृत्त ग्रंथपाल इंद्रभान सर. सरांनी पत्राला आवक क्रमांक दिला, तारखेचा शिक्का मारला आणि पुढची चार वर्षं उत्तर दिलं नाही.

त्यांना नकार द्यायचा नव्हता आणि होकार द्यायचा धीर नव्हता. अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे अभ्यास. अकरा पुस्तकं वाचली. सहा लेखक म्हणाले, बाईने मंडळीचं पुढारपण करावं. पाच म्हणाले, करू नये. सरांना अकराही पटले. मग त्यांनी ‘महिला नेतृत्व अभ्यास समिती’ नेमली. तिच्यात तीन पुरुष घेतले. बाई घेतली असती तर निकाल आधीच ठरल्यासारखा दिसला असता.

जानेफळच्या पुढच्या त्या गावात ख्रिस्ती घरं अवघी सव्वीस. जुने पाळक निवृत्त झाल्यापासून उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, मयत, सगळं जयमालाबाईच बघत. पण समितीचा निर्णय होईपर्यंत बाईला उपदेश करता येत नव्हता. म्हणून सर इतिवृत्तात लिहीत, ‘जयमालाबाईंनी सूचना दिल्या.’ सूचना चाळीस मिनिटं चालत. लोक डोळे पुसत. ‘काम कोणी केलं?’ या रकान्यात, खोटं लिहायला नको म्हणून, सर लिहीत, ‘पाळकपद रिक्त.’

मुख्य कार्यालयाने वार्षिक अहवाल वाचला. रिक्त पदाने वर्षात बावन्न उपासना चालवल्या होत्या, नव्वद भेटी दिल्या होत्या, सात जणांना मूठमाती दिली होती. जिल्ह्यातल्या कुठल्याच भरलेल्या पदाने एवढं काम केलं नव्हतं. ‘आदर्श पाळक’ पुरस्कार आला. समितीचे अध्यक्ष पुंजाजी यांनी रिकाम्या खुर्चीला शाल पांघरवली आणि नारळ तिच्या बैठकीवर ठेवला. टाळ्या वाजल्या. जयमालाबाईंनी आभाराच्या सूचना दिल्या.

महिन्याभरात पुढचा आदेश आला : पद रिक्त राहिल्याने काम वाढते, हे सिद्ध झाले आहे; सबब तीस तारखेपर्यंत कोणाचेही नाव न आल्यास पद कायमचे रद्द समजावे.

त्या संध्याकाळी जयमालाबाई सरांच्या दारात उभ्या राहिल्या.

“सर, जालन्याच्या मंडळीनं मले पाळक म्हनून बोलावलं. तीसच्या आत तुमचं उत्तर आलं नाही, तं मी चालली.”

“समितीचा अहवाल अजून...”

“चार वर्सं झाले! नाही म्हना ना. ‘नाही’ म्हनायले बी अभ्यास लागते काय?”

सर पुंजाजींकडे गेले.

“बाईले पाळक करता काय?” पुंजाजी म्हणाले. “लोक हासतीन आपल्याले.”

“पण तुमच्या मातोश्रींना मूठमाती देताना प्रार्थना त्यांनीच...”

“ते येगळं. तवा माय गेली होती माही, नियम कोन पाह्यते? अन् घाई काऊन करता सर? बारावं पुस्तक वाचा ना!”

हा टोमणा होता, हे सरांना घरी गेल्यावर कळलं. तोवर त्यांनी मोबाइलवर बारावं पुस्तक मागवलंही होतं.

मग त्यांनी नव्वद भेटींचा तपशील काढून पाहिला. त्यातल्या एकतीस भेटी त्यांच्याच घरच्या होत्या. त्यांची बायको गेली ते हेच वर्ष. बाईंनी स्वयंपाकघरात शिरून केलेला चहा पिऊन, त्यांनी एकतीस वेळा स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘भेट देणारे : पाळकपद रिक्त.’

सात कच्चे मसुदे फाटले. आठवा उरला : ‘हो. आपलं नाव सुचवलं आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.’ एक प्रत मुख्य कार्यालयाला आणि एक बाईंना. सत्तावीस तारखेला सर स्वतः डाकघरात गेले.

खिडकीतली समता पाकीट बघून म्हणाली, “बाई तं तुमच्या घरासमोरच राह्यते सर. मंग टपाल काऊन?”

“कार्यालयीन पत्र आहे,” सर छातीत हवा भरून म्हणाले. आयुष्यात एक तरी धीट काम आपल्या हातून झालं, असं त्यांना वाटत होतं.

समताने शिक्का मारला आणि पत्ता पुन्हा वाचला. “अन् हे ‘श्री. भागवत यांच्या पत्नीस’ काऊन लिहलं? बाईले सोताचं नाव नाही काय? घर तं बाईच्याच नावावर हाये.”

सरांनी पाकिटासाठी हात पुढे केला. पण ते पिशवीत पडलं होतं.

सर शरमले, आणि शरमावंच. आपण खुशाल हसा. फक्त त्याआधी उठून आपल्या दारावरची नावाची पाटी एकदा वाचून या.